मिशन शाळेत शिक्षक टिकत नाहीत : आधी कागद, मग पगार, मग जाहिरात

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची मिशनची अनुदानित मराठी शाळा आहे, पाचवी ते दहावी. पाचवी ते आठवी एकेक तुकडी, नववी-दहावीच्या दोन-दोन. गणित-विज्ञानाची ३ पदं मंजूर आहेत, पण भरलेलं एकच. इंग्रजीचे सर मेअखेर निवृत्त होतायत. जूनमध्ये संस्थेने ७,००० रुपयांवर दोन शिक्षक तात्पुरते घेतले, दोघंही दिवाळीच्या आत सोडून गेले. शाळा समितीचा आग्रह आहे की फक्त ख्रिस्ती उमेदवारच घ्यायचा. एक पदाधिकारी म्हणतात, मंडळीतल्या बारावी झालेल्या मुली सेवा म्हणून शिकवतील. दुसरे म्हणतात, सेमी इंग्रजी बंद करा. सध्या एकच सर आठवड्याला ३६ तासिका घेतायत. आम्ही काय करावं? – एक मुख्याध्यापिका

उत्तर :

सलाम, बाई.

तुमच्या जिल्ह्यात उमेदवार नाहीत असं नाही. राज्यात शिक्षक अभियोग्यता चाचणी होते तेव्हा लाखाच्या वर उमेदवार बसतात, आणि बी.एड. होऊन खासगी क्लासवर दिवस काढणारी मुलं-मुली प्रत्येक तालुक्यात सापडतात. ती तुमच्याकडे येत नाहीत किंवा आली तरी टिकत नाहीत, कारण तुम्ही त्यांना मंजूर पद देऊ केलेलंच नाही. ७,००० रुपयांचं तात्पुरतं काम दिलंत. महिन्याला १२० तासिका धरल्या तर तासिकेला ५८ रुपये पडतात. अशा कामावरून माणूस दिवाळीपर्यंतच टिकणार. तेव्हा पहिला प्रश्न असा की मंजूर असलेली दोन पदं रिकामी का राहिली? पत्रात याचं उत्तर नाही. पण बहुतेक मिशन शाळांत ते कागदातच असतं, म्हणून तिथून सुरुवात करू.

कपाटातून तीन फायली काढा. पहिली, संस्थेच्या अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र. ते राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचं असेल किंवा २००४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाचं. त्यावरचं संस्थेचं नाव शाळेच्या मान्यतेच्या पत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते बघा. जुन्या मिशनच्या मालमत्ता आणि शाळा पुढे वेगवेगळ्या ट्रस्टांकडे गेल्या. त्यामुळे प्रमाणपत्र एका ट्रस्टच्या नावावर आणि शाळा दुसऱ्याच्या, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी निघतो. शिक्षणाधिकारी कार्यालयाने पहिलं बोट तिथेच ठेवलं तर त्यांना दोष देता येत नाही.

दुसरी फाईल धर्मादाय आयुक्तांकडच्या फेरफार अर्जांची. विश्वस्त बदलले की तो बदल तिथे नोंदवावा लागतो. आपल्याकडे चर्चच्या संस्थांत दोन गट पडतात, दोघंही 'आम्हीच खरे सचिव' म्हणतात आणि फेरफार वर्षानुवर्षं प्रलंबित राहतो. मग नेमणुकीच्या आदेशावर सही कोणाची चालणार? कार्यालय वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे त्या शिक्षकाच्या नेमणुकीला मंजुरी देण्याचा प्रस्ताव बाजूला ठेवतं, शिक्षक दोन वर्षं बिनपगारी शिकवतो आणि शेवटी निघून जातो. बाहेर मात्र 'शिक्षक मिळत नाहीत' एवढंच ऐकू येतं. तुमच्या संस्थेत असा वाद असेल, तर बाकी सगळ्याच्या आधी तो निदान नेमणुकांपुरता मिटवायला हवा. दोन्ही बाजूंनी मिळून भरतीसाठी सह्यांचे अधिकार कोणाला, याचा लेखी करार करावा आणि तो धर्मादाय कार्यालयातल्या प्रकरणात दाखल करावा. हे काम पाळकसाहेबांनी मनावर घेतलं तर होतं. वकिलांवर सोडलं तर लांबतं.

तिसरी फाईल संच मान्यतेची, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर आहेत याची. पदं ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि पटावरची जी मुलं आधारशी जुळून वैध ठरली तेवढीच मोजली जातात. मिशन शाळांत इथे एक खास घोटाळा होतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नाव 'योहान', जनरल रजिस्टरला तेच, आणि आधारवर 'जॉन'. आडनावाचंही तसंच. वसतिगृहात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या मुलांच्या जन्मतारखा जुळत नाहीत. अशी आठ-दहा मुलं अवैध राहिली की एखादं पद काठावरून खाली जातं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक झाल्यावर हा काठ फारच जवळ आलाय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल-खारिजचं काम चालू असतानाच अवैध मुलांची यादी काढा. पालकांना आधार केंद्रावर पाठवताना जनरल रजिस्टरचा उतारा हातात द्या. सप्टेंबरात धावपळ करून हे होत नाही.

तिन्ही फायली नीट असतील तर पुढची वाट तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोकळी आहे.

राज्यघटनेच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिलाय, आणि शिक्षक निवडणं हा त्या हक्काचाच भाग आहे. म्हणून पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या शिक्षकभरतीच्या ऑनलाइन यंत्रणेतून भरती करण्याचं बंधन अल्पसंख्याक संस्थेवर नाही. मात्र पात्रता सरकारने ठरवलेलीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी.एम.ए. पै खटल्यात हीच विभागणी मान्य केली. तुमच्या समितीतल्या काहींनी यातला फक्त पहिला अर्धा भाग ऐकलेला दिसतो.

पात्रतेबद्दल दोन गोष्टी ताज्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं. तेव्हा पाचवीच्या वर्गासाठी बी.एड. उमेदवार घेऊ नका, मान्यता अडकेल. दुसरी गोष्ट टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्याची अट घातली. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लावायची का, हा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणजे आज ती तुमच्यावर नाही. तरीही सहावी ते आठवीच्या पदासाठी दोन सारखे उमेदवार समोर असतील तर टीईटी झालेला घ्या. उद्या निकाल उलट लागला तर तुमचा शिक्षक आणि तुमचं वर्ष, दोन्ही वाचतील.

आता १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यातलं एक कलम सांगतो, जे मिशन शाळांच्या समित्यांमध्ये फार थोड्यांना ठाऊक असतं. कलम ३(२). अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची भरती आणि संस्थेने नावं कळवलेले आणखी जास्तीत जास्त तीन कर्मचारी यांना तो कायदा लागू होत नाही. शाळेचा ख्रिस्ती चेहरा राखण्यासाठी कायद्याने दिलेली ही जागा आहे. 'फक्त ख्रिस्ती' हा आग्रह समितीने इथे धरावा : मुख्याध्यापक, वसतिगृहाची जबाबदारी असलेला शिक्षक, नीतिशिक्षणाचा समन्वयक. पण जपून. ज्याचं नाव या तिघांत जातं त्याला कायद्याचं संरक्षणही मिळत नाही. त्याला हे आधी तोंडावर सांगा आणि लेखी संमती घ्या, नाहीतर तो पुढे न्यायालयात उभा राहील.

गणिताच्या पदाला हा आग्रह लावू नका. जाहिरातीत 'ख्रिस्ती उमेदवारास प्राधान्य' लिहा. 'फक्त' लिहिलंत आणि पात्र ख्रिस्ती उमेदवार आला नाही, तर पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, आणि जून हातचा जातो. तुमच्या वर्गांत मुलं सगळ्या समाजांची आहेत, शिक्षकही असले तर बिघडत नाही. मुलाखतीत मात्र मोघम बोलू नका. सकाळची प्रार्थना कशी होते, ख्रिस्तजयंतीच्या कार्यक्रमात शिक्षकांकडून काय अपेक्षा असते, रविवारी कधी बोलावलं जातं का, हे एका कागदावर लिहून उमेदवाराला वाचायला द्या. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत येणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम २८(३) त्या कागदाच्या तळाशी असू द्या. शिक्षकाकडून श्रद्धेची शपथ लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

भरतीचा क्रम असा ठेवा. शाळा समितीचा ठराव, त्यात पद, विषय, पद कधी आणि कशामुळे रिक्त झालं. मग शिक्षणाधिकाऱ्यांना रिक्त पदाचं पत्र, आणि अतिरिक्त शिक्षकांच्या, म्हणजे आपल्या शाळेत पद कमी झाल्याने जादा ठरलेल्यांच्या यादीत या विषयाचं कोणी आहे का, याची विचारणा. पोच घ्या, शिक्का तारखेसह हवा. मग दोन दैनिकांत जाहिरात. सुवार्ता, निरोप्या, ज्ञानोदय अशा ख्रिस्ती नियतकालिकांत दिलीत तर चांगलंच, पण ती दैनिकाच्या जागी धरली जात नाही. अर्जांची आवक नोंद, मुलाखतीची गुणपत्रिका सगळ्या सदस्यांच्या सह्यांनिशी, निवडीचा ठराव, अनुसूची 'ड' च्या नमुन्यात नेमणूक आदेश, रुजू अहवाल, आणि लगेच वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव. मान्यता मिळाली की शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक. २०२५ मध्ये नागपूर विभागातला बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघडकीला आल्यापासून कार्यालयं एकेक कागद उलटून बघतायत. त्यामुळे मागच्या तारखेचे ठराव, खाडाखोड, जाहिरातीच्या आधीच्या तारखेचा अर्ज यातलं काहीही आता खपत नाही, खपूही नये.

जाहिरातीत सगळ्यात जास्त चूक होते ती विषयात. पद गणिताचं असताना 'बी.एस्सी., बी.एड.' एवढंच छापतात. जीवशास्त्राची पदवी असलेली बाई निवडली जाते, आणि कार्यालय विचारतं की गणित कुठल्या वर्षापर्यंत होतं? तुमच्या दोन पदांपैकी एक 'बी.एस्सी. गणित किंवा भौतिकशास्त्र, बी.एड. गणित-विज्ञान अध्यापन पद्धतीसह' आणि दुसरं रसायन किंवा जीवशास्त्राचं, असं वेगळं छापा.

यादीतल्या अतिरिक्त शिक्षकाबद्दल आमचं मत बऱ्याच संस्थांपेक्षा वेगळं आहे. अल्पसंख्याक संस्थेवर अतिरिक्त शिक्षक लादता येत नाही, म्हणून संस्था ती यादी उघडूनही बघत नाहीत. बघा. त्या शिक्षकाची मान्यता आणि शालार्थ आयडी आधीच असतो, त्यामुळे त्याचा पगार सहसा खंडत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या मिशन शाळेची तुकडी बंद पडून गणिताचे सर अतिरिक्त ठरले असतील, तर त्यांना बोलावून घेणं हा सगळ्यात जलद उपाय आहे. बोलावून मुलाखत घ्या, आवडले नाहीत तर नाही म्हणण्याचा हक्क तुमच्याकडे आहेच.

पगाराबद्दल समितीला एक आकडा दाखवा. मान्यता मिळालेल्या माध्यमिक शिक्षण सेवकाला जानेवारी २०२३ पासून महिना १८,००० रुपये मानधन आहे, तीन वर्षं, मग वेतनश्रेणी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत हेच मानधन १६,००० आहे. म्हणजे मंजूर पदावर, घराजवळ, कागद चोख असतील तर तुम्ही जिल्हा परिषदेपेक्षा कमी ठरत नाही. आजवर कमी ठरलात ते खात्रीच्या बाबतीत.

आता या वर्षाचं बघू, कारण वरचं सगळं जूनशिवाय फळाला येणार नाही, आणि नववीच्या एका तुकडीला आज शिक्षक नाही.

तुमच्या शाळेत गणित-विज्ञानाच्या आठवड्याला ९० तासिका होतात, प्रत्येक विषयाला प्रत्येक तुकडीत ६ धरून, आणि पाचवीला फक्त गणित. सर ३६ घेतात, दहावीच्या दोन्ही तुकड्या आणि नववी 'अ'. उरल्या ५४. या ५४ सगळ्या एकाच माणसावर किंवा सगळ्या स्टाफवर समान वाटू नका. तीन भाग करा. पहिल्या १८, म्हणजे नववी 'ब' चं गणित-विज्ञान आणि आठवीचं गणित, निवृत्त शिक्षकाला द्या. तालुक्याच्या गावात असे शिक्षक असतातच. ते रोज यायला नाखूश असतात, म्हणून आठवड्याचे चार दिवस, सकाळच्या सलग तासिका असं वेळापत्रक त्यांच्यासाठी आधी बसवा आणि बाकीचं त्याभोवती. दुसऱ्या १८, सहावी ते आठवीचं विज्ञान, तासिका तत्त्वावर बी.एस्सी. बी.एड. उमेदवाराला. तिसऱ्या १८, पाचवी ते सातवीचं गणित, स्टाफमधल्या तिघांत सहा-सहा. बारावीपर्यंत गणित घेतलेले कोण आहेत, ते सेवापुस्तकातल्या कागदांवरून काढा. विचारत बसलात तर कोणी हात वर करणार नाही.

बाहेरच्या दोघांच्या मिळून ३६ तासिका आठवड्याला, महिन्याच्या १४४. तासिकेला १५० रुपये दिले तर २१,६०० होतात. जूनमध्ये तुम्ही दोघांवर १४,००० खर्च करत होतात. वरचे ७,६०० रुपये संस्थेने द्यायलाच हवेत. तुलनेसाठी, २०२३ मध्ये सरकारने जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये देऊ केले होते.

स्टाफमधल्या ज्या तिघांवर सहा-सहा तासिका वाढल्या, त्यांच्याकडून तेवढंच दुसरं काम काढून घ्या. यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीची) माहिती, आधार, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, हे सगळं शिक्षकच करतात. त्यासाठी संगणक येणारी एखादी मुलगी अर्धा दिवस मानधनावर ठेवा. मंडळीतल्या बारावी झालेल्या मुलींचं काय करायचं, याचं उत्तर हेच आहे. त्यांना वर्गावर उभं करू नका. अप्रशिक्षित नेमणुकीला मान्यता मिळत नाही, आणि आठवीच्या मुलांना अपूर्णांक चुकीचे शिकवले गेले तर ते दहावीला निस्तरावं लागतं. कार्यालयात, वाचनालयात, वसतिगृहाच्या संध्याकाळच्या अभ्यासाला त्यांचा खरा उपयोग आहे. आणि मोबदला द्या. सेवा म्हणून फुकट राबवून घेतलेली मुलगी दुसऱ्या महिन्यापासून उशिरा यायला लागते, आणि तिला बोलायची सोय नसते.

तुकड्या एकत्र करण्याचा मोह होईल. चित्रकला, शारीरिक शिक्षण, नीतिशिक्षण एकत्र घेता येतं. पण त्यातून मोकळा होतो तो चित्रकलेचा शिक्षक, गणिताचा होत नाही. एकत्र करण्याआधी वेळापत्रकावर बोट ठेवून बघा की मोकळी झालेली तासिका नेमकी कोणाची. नववीच्या दोन तुकड्या गणितासाठी एकत्र बसवू नका.

पैसा कुठून आणायचा? पालकांकडून 'शिक्षक निधी' म्हणून सक्तीने घेऊ नका. अनुदानित शाळेला ते महागात पडतं, एक तक्रार पुरते. माजी विद्यार्थ्यांकडून देणगी पावती देऊन घ्या. परदेशात गेलेले माजी विद्यार्थी पैसे पाठवायला तयार असतात, पण त्यांचं नागरिकत्व परदेशी असेल तर ती विदेशी देणगी धरली जाते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असली तरी पहिली रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने ही देणगी दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालंय. चर्च कौन्सिलकडे नोंदणी आहे आणि शाळा वेगळ्या ट्रस्टची आहे, अशा ठिकाणी कौन्सिलने शाळेच्या खात्यात पैसे वळते केले की नियमभंग झालाच. दिलासा एवढाच की शाळा त्याच नोंदणीकृत संस्थेची असेल तर शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चाच्या २० टक्के मर्यादेत मोजले जात नाहीत.

पैशाशिवाय देता येण्यासारखं एक तुमच्याकडे असण्याची शक्यता आहे. मिशन कंपाउंडमधली जुनी क्वार्टर्स. कौलं फुटलेली, संडास बाहेर, वीजजोडणी कापलेली, अशा दोन खोल्या बहुतेक कंपाउंडांत पडून असतात. जाहिरात देण्याआधी त्या दुरुस्त करून घ्या, न्हाणीघर आतून करा, दाराला नीट कडी बसवा. बाहेरगावच्या तरुण शिक्षिकेच्या घरचे पगाराआधी 'मुलगी राहणार कुठे' हे विचारतात. जाहिरातीत 'निवासाची सोय' हे दोन शब्द टाकता आले तर अर्ज वाढतील. वेतनश्रेणीत गेलेल्या शिक्षकाला मोफत क्वार्टर दिलं की घरभाड्याचा प्रश्न येतो, तेव्हा ते मानधनावरच्यांसाठी राखून ठेवा.

तात्पुरत्या माणसाला टिकवायचं असेल तर मानधन एक तारखेला द्या आणि मे महिन्याचंही द्या. एप्रिलअखेर 'जूनमध्ये बघू' म्हणून निरोप दिलेला माणूस जूनमध्ये दुसरीकडे असतो.

पुढच्या पाच वर्षांसाठी एक तक्ता करा : कोण शिक्षक कुठल्या महिन्यात ५८ वर्षांचे होतात. निवृत्ती अचानक येत नाही, तरी संस्था प्रत्येक वेळी मेमध्येच जाग्या होतात. कायम शिक्षकाला राजीनाम्यासाठी तीन महिन्यांची नोटीस लागते, कायम नसलेल्याला एक महिन्याची, हेही त्या तक्त्याखाली लिहून ठेवा. इंग्रजीच्या सरांच्या जागेचा ठराव आताच घ्या. जानेवारीत जाहिरात, एप्रिलमध्ये मुलाखत, सर आहेत तोवरच नव्या माणसाने त्यांच्या वर्गात दोन आठवडे बसावं.

घरचा शिक्षक तयार करायचा असेल तर गणित सोपं आहे. आज बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी दोन वर्षांचं बी.एड. करून वर्गावर यायला अडीच वर्षं लागतात. संस्थेने तिची फी कर्ज म्हणून भरावी आणि शाळेत शिकवलेल्या प्रत्येक वर्षामागे एक तृतीयांश माफ करावी. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका, ते बेकायदेशीर आहे आणि गावात नाव खराब होतं. जवळच्या बी.एड. कॉलेजशीही बोला. त्यांच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढावे लागतात. गणिताचे दोन छात्रशिक्षक मागून घ्या. रिकामे वर्ग सांभाळायला त्यांना पाठवू नका, तुमच्या सरांच्या वर्गात सरांसोबत उभे करा. चांगले निघाले तर जूनच्या जाहिरातीला अर्ज करायला सांगता येईल.

तालुक्यात कॅथलिक सिस्टरांची शाळा असेल तर तिथल्या मुख्याध्यापिकांना भेटा. त्यांचीही अडचण हीच असणार. दोन्ही शाळांनी मिळून एकच चांगला विज्ञानाचा तासिका शिक्षक तीन-तीन दिवस वाटून घेतला, तर त्याला महिन्याचे पुरेसे पैसे सुटतात आणि तो टिकतो. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक संस्था नाताळच्या मिरवणुकीत एकत्र येतात, वेळापत्रकासाठी का येत नाहीत, हे कोडंच आहे. पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक मात्र असा वाटून घेता येत नाही.

राहिलं सेमी इंग्रजी. बंद करायचं ठरवलंत तरी चालू वर्गांचं मध्येच माध्यम बदलू नका. जूनपर्यंत गणिताचं पद भरलं नाही, तरच पुढच्या वर्षीच्या पाचवीपासून गणित-विज्ञान मराठीत सुरू करा आणि प्रवेशाच्या वेळी पालकांना तसं लेखी सांगा. त्यातली काही मुलं इंग्रजी शाळेकडे जातील, आणि ३० सप्टेंबरच्या पटावर त्याचा काय परिणाम होईल, याचा हिशोब ठराव घेण्याआधी करा. दहावीच्या मुलांचे बोर्डाचे अर्ज ज्या माध्यमाने भरलेत, तेच शेवटपर्यंत राहू द्या.